मेकॅनिकल सीलचा बिघाड-दर: एक्सेलमध्ये साधा भागाकार की वायबुल?

एकाच कामाच्या, एकसारख्या पंपांवरचे पाच मेकॅनिकल सील (पंपाच्या फिरत्या दांड्याजवळून द्रव गळू न देणारे भाग) अनुक्रमे 2100, 3000, 3700, 4500 आणि 5600 तास चालून गळले असं धरू. हेच आकडे साधा भागाकार आणि वायबुल (वयानुसार बिघाडाची शक्यता कशी बदलते ते दाखवणारं संख्याशास्त्रीय वितरण) या दोन्ही पद्धतींनी मांडून बघा.

भागाकाराला दोन सेल पुरतात. एकूण तास 18,900, बिघाड 5, म्हणून सरासरी 3,780 तास आणि दर ताशी 0.000265. वर्षाला किती सील स्टोअरमध्ये ठेवायचे, एवढंच ठरवायचं असेल तर इथेच थांबा. पण या दरात नवा सील आणि झिजलेला सील सारखेच धरलेले असतात. त्यामुळे पहिल्या 1000 तासांत सील जाण्याची शक्यता 23 टक्के निघते. प्रत्यक्षात 2100 तासांच्या आधी एकही सील गेलेला नाही. या आकड्यावर बदलीचं वेळापत्रक बसवलं तर धडधाकट सील काढून फेकले जातील.

वायबुलला तीन कॉलम जास्त लागतात. तास चढत्या क्रमाने लावा. शेजारी (क्रम − 0.3) ÷ (एकूण नग + 0.4) काढा, पहिल्या सीलला 0.13 येईल. पुढच्या कॉलममध्ये तासांचा एलएन (LN, नैसर्गिक लॉगरिदम), त्यापुढे एलएन(−एलएन(1 − तो अपूर्णांक)). आता स्लोप फंक्शनला हा शेवटचा कॉलम आधी द्या, तासांच्या एलएनचा नंतर. उत्तर 2.75, हा आकार: 1 असेल तर बिघाडाचा दर वयाने बदलत नाही, 1 पेक्षा जास्त असेल तर वयासोबत वाढतो. इंटरसेप्टला स्लोपने भागून चिन्ह उलटवा आणि ईएक्सपी घ्या: साधारण 4,280 तास, ही मोजपट्टी, म्हणजे सुमारे 63 टक्के सील जाईपर्यंतचे तास. आता 1000 तासांची शक्यता 2 टक्क्यांच्या आत येते आणि दहा टक्के सील जायला सुमारे 1,890 तास लागतात. सील कधी बदलायचा हे ठरवायला हाच आकडा धरावा.

घोळ बहुतेक वेळा फंक्शनच्या नावांत होतो. मेंटेनन्सवाले आकाराला बीटा म्हणतात, तर एक्सेलचं वायबुल.डिस्ट त्यालाच अल्फा म्हणतं आणि मोजपट्टीला बीटा. अदलाबदल झाली की उत्तर भलतंच.

ओव्हरहॉलमध्ये चांगला असूनही बदललेला सील आणि अजून चालू असलेला सील बिघाडांत मोजू नका, पण यादीतूनही काढू नका. भागाकारात त्यांचे तास बेरजेत घ्या; वायबुलमध्ये त्यांच्यानंतरचे क्रम सुधारून घ्यावे लागतात. ते वगळले तर सीलचं आयुष्य आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पंप कोरडा चालून जळालेला सील झिजलेल्यांच्या रांगेत बिघाड म्हणून बसवू नका, कारण दोन्हींची कारणं वेगळी. तारखांची वजाबाकी दिवसांत येते. 24 ने गुणणं फक्त अखंड चालणाऱ्या पंपाला लागू, स्टँडबायला अवर मीटरच हवा.

आकार 1 च्या आसपास आला तर भागाकार पुरे. बिघाड दोन-तीनच असतील तर स्लोपवर भरवसा ठेवू नका. आणि एकही बिघाड नसेल तर दर शून्य लिहू नका: 3 भागिले एकूण तास ही 95 टक्के खात्रीची वरची मर्यादा लिहा. 12,000 तासांना ती ताशी 0.00025 येते.