नाईट ड्यूटी, अश्वगंधा आणि मंगळवार पेठेतल्या वैद्यबाई

मी कोल्हापुरात स्टाफ नर्स आहे. नाईटची पाळी कधी चुकत नाही. चाळिशीनंतर वजन चढायला लागलं. आमच्या वॉर्डात तेव्हा 'फॅट बर्नर' चहा आणि पावडरीचे डबे हातोहात खपत होते. मला ते पटेनात, म्हणून मंगळवार पेठेतल्या एका वैद्यबाईंकडे गेले.

त्यांनी नाडी बघितली, पोटाचं विचारलं आणि मग बराच वेळ फक्त झोपेवर बोलत राहिल्या. नाईट उतरल्यावर किती वाजता झोपता? पडदे लावता का? पहाटे तीनला काय खाता? मी मेदोहर गुग्गुळ, म्हणजे चरबी कमी करायला देतात ते आयुर्वेदिक औषध, मागितला, तर म्हणाल्या, "सिस्टर, आधी झोप बसू दे, मग बघू." रात्री कोमट दुधातून 3 ग्रॅम अश्वगंधा चूर्ण आणि पोट साफ राहायला त्रिफळा, एवढंच दिलं. पहाटेचा वडापाव आणि दुपारनंतरचा चहा बंद.

मी विचारलं, "आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात चरकांनी तर स्थूल माणसाला जागरण वाढवायला सांगितलंय ना?" उत्तर मला फार आवडलं. "ते हळूहळू, आणि बसून खाऊन दिवसा लोळणाऱ्याला. निद्रेला त्यांनी आहाराच्या बरोबरीनं शरीराचा उपस्तंभ, म्हणजे आधाराचा खांब म्हटलंय. तुमचं जागरण आधीच भरपूर झालंय."

झोप आणि वजनाचं हे नातं आमच्याच पेशातल्या बायकांवर तपासलेलं आहे. अमेरिकेत 68,183 नर्सेसवर 16 वर्षं लक्ष ठेवलं होतं. पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांचं वजन सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सरासरी 1.14 किलोने जास्त वाढलं. 2010 मधला शिकागोचा प्रयोग लहान होता, जेमतेम दहा माणसांचा, पण मला तो जास्त बोलका वाटतो. कमी कॅलरीचा आहार तोच ठेवला आणि त्याच माणसांना एकदा साडेआठ आणि एकदा साडेपाच तास झोपायला दिले. काटा दोन्ही वेळा सारखाच उतरला, पण कमी झोपेत त्यातली चरबी निम्म्याहून कमी निघाली, बाकीचं अंगातलं मांसच गेलं. उपाशी राहून, जागून वजन उतरवणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून सांगते.

माझं म्हणाल तर झोप आधी सुधारली, पहाटेची खा-खा त्यानंतर थांबली आणि वजन सर्वात शेवटी हललं, चारेक किलो. ती चरबी चूर्णाने जाळली असं मी म्हणणार नाही. चूर्णाने डोळा लागला, पुढचं झोपेनं केलं.

सगळ्यात मोठा विश्वास बसला तो माझ्या मैत्रिणीच्या वेळी. ती थायरॉईडची गोळी घेते. वैद्यबाईंनी तिला अश्वगंधा दिलीच नाही. अश्वगंधेने थायरॉईडची पातळी वर जाऊ शकते, म्हणून तिच्यासाठी आहार आणि झोपेच्या वेळाच बांधून दिल्या. गरोदर बाईलाही त्या ती देत नाहीत, आणि यकृताचा त्रास असेल तर आधी रिपोर्ट मागतात. 'हर्बल आहे, काही होत नाही' म्हणत डबे विकणाऱ्यांनी हे शिकायला हवं.

वैद्यबाईंच्या दवाखान्याच्या खोल्या लहान आहेत, बसायला जागा कमी आणि संध्याकाळी गर्दी फार. चूर्ण कडवट लागतं, दुधात गुठळ्या होतात, नीट ढवळून घ्या. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. नाईट उतरून थेट जाऊ नका. मी तशी एकदा गेले होते, तर नाडी न बघताच त्यांनी मला घरी झोपायला पाठवलं.