तारीख फुकटात बदलून मिळाली, तेव्हाच कळायला हवं होतं

२,२६,००० रुपये. आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासली, प्रवासभत्त्याच्या खोट्या पावत्या हातात घेताच ओळखल्या, आणि निवृत्तीनंतर एका ट्रॅव्हल एजंट पोराने 'काका, काका' करत मला गुंडाळलं.

क्रूझचं बुकिंग खरं होतं. ते थेट जहाज कंपनीकडे केलेलं, १२ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ५ वाजता रोमहून. आम्ही दोघं, मेहुणी आणि साडूभाऊ. एजंटकडून घेतली ती फक्त विमानाची तिकिटं. ऑनलाइन का नाही काढली, हे आत्तापर्यंत किमान दहा जणांनी विचारलंय. चार पासपोर्ट, युरोपचा शेंगेन व्हिसा, नावात एक अक्षर चुकलं तर निस्तरणार कोण? शिवाय सोसायटीतल्या तिघांची केदारनाथ यात्रा ह्यानेच चोख करून दिली होती. आणखी काय बघायचं असतं?

माणशी ६१,५००, चौघांचे २,४६,०००. जूनमध्ये तीन हप्त्यांत दिले: ५०,०००, १,००,००० आणि ९६,०००. तेही फर्मच्या खात्यात नाही, त्याच्या स्वतःच्या बचत खात्यात. "जीएसटी वाचेल काका." हो, वाचवायला गेलो. हसा.

त्याने पीएनआर दिला. मी विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला, चौघांची नावं दिसली, 'कन्फर्म्ड' लिहिलेलं. मी खूश. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. व्हिसाच्या अर्जाला अशी होल्डवरची, म्हणजे तिकिटाचे पैसे न भरता धरून ठेवलेली, बुकिंगं सर्रास लावतात, ती काही दिवसांनी आपोआप गळून पडतात. खऱ्या तिकिटाला तेरा आकडी नंबर असतो. माझ्या प्रिंटआउटवर त्या चौकटीत नुसती आडवी रेघ होती. विचारलं, तर म्हणाला, "तो नंतर जनरेट होतो." प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, एजन्सीचा शिक्का मारून, वर चार मानेच्या उशा भेट. रेघेकडे कोण बघतो!

पण माझा जीव जळतो तो दुसऱ्याच गोष्टीने. त्या कागदावर रोमला उतरायची वेळ होती १२ तारखेला दुपारी १:५०. जहाज त्याच दिवशी पाचला. आणि 'रोम' फक्त जाहिरातीत. जहाज लागतं चिवितावेक्कियाला, विमानतळापासून साठेक किलोमीटर. इमिग्रेशनची रांग, बॅगा, गाडी बदलून ट्रेन, पुढे स्टेशनवरून बंदर. आमच्या कागदावर जहाजात चढायची वेळ साडेतीनला संपत होती. विमान तासभर लेट झालं की जहाज गेलं, आणि पुढच्या बंदरावर जाऊन मनाला येईल तसं चढता येत नाही. क्रूझला निदान आदल्या दिवशी त्या गावात पोचायचं, हे ह्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

ही चूक मी पकडली! अभिमानाने त्याच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "काय काका, बरोबर पकडलंत," आणि माझा चहा संपायच्या आत ११ तारखेचा नवा कागद हातात. चार्ज किती? "तुमच्याकडून काय घ्यायचं?"

चार जणांच्या परदेशी तिकिटांची तारीख बदलली आणि एक पैसा लागला नाही. दंड नाही, भाड्यातला फरक नाही. लागणार कसा? बदलायला तिकीटच नव्हतं. ज्याला आम्हाला विमानात बसवायचंच नव्हतं, त्याला उतरायच्या वेळेची काय फिकीर? घरी आल्यावर हिने विचारलं, "फुकट कसं काय?" मी म्हणालो, "ओळख असावी लागते." हे वाक्य आमच्या घरात आता म्हण झालंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, व्हेज जेवण निवडायला साइट उघडली. बुकिंग सापडत नाही. त्याचा फोन बंद. जहाजाचे पैसे त्या टप्प्यावर परत मिळणार नव्हते, म्हणून रात्री बसून नवी तिकिटं काढली, माणशी ९४,३००, म्हणजे ३,७७,२००. साडूभाऊंना जुन्याच भावात धरलं, वरचा भार माझा. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं.

परत आल्यावर वरात सुरू. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जूनमध्येच गेलेले, गोठवायला खात्यात काय उरणार? ह्या नंबरचा उपयोग पहिल्या काही तासांत. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. विमान कंपनी म्हणाली, तिकीट निघालंच नाही, तर तुम्ही आमचे प्रवासी नाही. घराजवळच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, दुकान ज्यांच्या हद्दीत आहे तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवलेत, तिकडेच जा. हद्दीचा प्रश्न असला तरी झिरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून, घेता येतो, असं म्हटल्यावर साहेबांनी वर न बघता विचारलं, "वकील आहात का?" तिसऱ्या खेपेला "हे दिवाणी प्रकरण आहे." चौथ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. अर्जाची पोच मागितली, तर अर्ज इंग्रजीत का नाही म्हणे. महाराष्ट्रात!

एजंट एकदा सापडला. १,००,००० चा चेक दिला, तो ४ नोव्हेंबरला बाउन्स. मग खात्यात २०,००० परत टाकले, राहिले २,२६,०००, आणि मी गप्प बसलो. तेवढ्यासाठीच टाकले होते ते. बँकेकडून बाउन्सचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस द्यावी लागते; "पुढच्या सोमवारी नक्की, काका" ऐकत ते गेले. चेक पुन्हा भरता आला असता, त्याची तीन महिन्यांची मुदतही तशीच गेली. कुणाचा चेक बाउन्स झाला तर त्याच आठवड्यात वकील गाठा, दया नको.

आता ग्राहक आयोगात अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही, हे कळायलाही एक महिना गेला.

परवा त्या रस्त्याने गेलो. पाटी बदललीय, काचेवर 'दुबई ५ रात्री' चिकटवलंय, आत तोच. फोटो काढून पोलीस ठाण्यात नेला. म्हणाले, फोटोवर तारीख दिसत नाही.