जुन्या कोकणी घरावर मंगळुरी कौलं: माल उत्तम, पण वासे बघून घ्या

एकोणिसाव्या शतकातल्या साध्या कोकणी घराचं छप्पर नव्याने घालायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं मंगळुरी कौलांचं. माल चांगला आहे यात वाद नाही. पण यातली बरीच घरं उभी राहिली तेव्हा हा मालच नव्हता, आणि कौलांबद्दलच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघतात.

त्या काळचं सामान्य कुटुंबाचं घर म्हणजे मातीचं किंवा चिऱ्याचं जोतं, पुढे पडवी, ओटी, मग अंधारं माजघर आणि मागे स्वयंपाकघर. छपराला गवत, पेंढा, माडाची झापं, नाहीतर कुंभाराने चाकावर नळा वळून उभा चिरलेली नळीची कौलं. खाली बांबूचे किंवा गोल लाकडाचे वासे आणि त्यांवर पोफळीच्या रिपा, म्हणजे कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या. सारं वाकडंतिकडं असलं तरी चालायचं, कारण नळीचं कौल कशावरही बसतं. त्याची किंमत दर वर्षी मोजावी लागे: माकडं-मांजरं कौलं सरकवणार, म्हणून पावसाआधी शाकारणी चुकायची नाही.

बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि साच्यात दाबलेलं, खाचेत खाच बसणारं कौल गलबतांतून किनाऱ्याने वर आलं. मिशनच्या जुन्या कौलांवर तेच साल उमटवलेलं असतं. ते कारखान्याच्या स्थापनेचं आहे, कौल भाजल्याचं नव्हे. पाडकामाचा माल विकणारे ‘1865 ची कौलं’ म्हणून भाव वाढवतात, तेव्हा हे ध्यानात ठेवावं.

आता माल. एक कौल साधारण अडीच ते तीन किलोचं, आणि एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, सुमारे दीडशे कौलं लागतात. म्हणजे कोरड्या कौलांचंच वजन ब्रासमागे चारशे किलोच्या आसपास, भिजल्यावर आणखी जास्त. तरी नळीच्या कौलांच्या दुहेरी थरापेक्षा हे हलकंच पडतं. त्यामुळे नळीच्या कौलांच्या घराला ही कौलं जड होतील ही भीती अनाठायी. खरी अडचण सरळपणाची. वासा मध्ये इंचभर जरी बसला असेल तरी खाचा उघड्या पडतात आणि वाऱ्याचा पाऊस थेट माजघरात येतो. गळतं तिथलं कौल बदलून उपयोग होत नाही, सुतार बोलवावा लागतो. आढ्यापासून वळचणीपर्यंत दोरी ताणून वासे एका पातळीत आणावेत, मगच कौलांची ऑर्डर द्यावी.

रिपांमधलं अंतर साडेबारा ते तेरा इंच येतं, पण पुस्तकातला आकडा धरू नका. घेतलेल्या मालातली दहा कौलं एकात एक बसवून मापून बघा. कारखान्यागणिक फरक पडतो. उतार फुटाला सात इंचांपेक्षा कमी नको. त्याहून सपाट पाख्यावर पाणी रेंगाळतं, पाचोळा अडकतो आणि पाणी खाचेतून उलटं वर चढतं. जुन्या घराची पडवी पुढे वाढवताना उतार मोडलेला असतो, गळतीची सुरुवात बहुधा तिथेच.

नवी कौलं घेताना बोटाच्या पेराने ठोकून पाहा. खणखणीत वाजलं तर भाजणी पक्की. बद्द आवाज आला तर कच्चं किंवा तडकलेलं. रंग फिका असेल तर तेही बाजूला काढा. जुनी कौलं बहुतेकदा जास्त टणक निघतात, म्हणून आमचं मत जुन्याच्या बाजूने, पण एका अटीवर: सगळी एकाच शिक्क्याची हवीत. दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, मग दलाल काहीही सांगो.

वळचणीची ओळ आणि कडेची कौलं खालच्या भोकातून तारेने रिपेला बांधून घ्यावीत. वादळात आधी तीच उडतात. आढ्यावर सिमेंट थापण्याची हल्लीची सवय मात्र वाईट. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. कडक सिमेंट तडकतं आणि कौलालाही सोबत फोडतं. चुन्याचा माल थोडी हालचाल सोसतो. वरून ऑइलपेंट मारणं हा तर पैसे देऊन ओल कोंडण्याचा प्रकार.

एक उणीव खरी आहे. चुलीचा धूर नळीच्या कौलांच्या फटींतून सहज बाहेर पडायचा, इथे तो घुटमळतो. चूल अजून पेटत असेल तर आढ्याखाली धुराला वाट ठेवावी. माजघरासाठी दोन-तीन काचेची कौलं त्याच मापाची मिळतात. ती जरूर घ्यावीत, दिवसाचा दिवा वाचतो.

मोजणीपेक्षा दहा टक्के कौलं जास्त घ्या, त्याच शिक्क्याची, आणि गोठ्यात कडेवर उभी रचून ठेवा. आडवी रचलीत तर खालचे थर वजनाने फुटतील.