पडवीसाठी लोखंडी पाइप घेताना झालेली फसवणूक, नगावर घेऊ नका

माझं माहेर मुरबाड तालुक्यात, मी लग्नानंतर कळव्याला. गावच्या घराला मागच्या बाजूला जुनी पडवी होती, बांबू आणि वर कौलं, ती दोन पावसाळ्यांपूर्वी एका बाजूने बसली. पडवी नाही म्हणजे पावसात लाकडं गोवऱ्या ठेवायच्या कुठं आणि भात आणलं की टाकायचं कुठं, आईचे फार हाल व्हायचे. म्हणून यंदा ठरवलं की आपणच बांधायची, कॉन्ट्रॅक्टर नको. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, अंबरनाथ एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतो, तो म्हणाला वेल्डिंग मी करतो, खड्डे आप्पा आणि पोरं मिळून खणतील, तू फक्त माल बघ. 30 फूट लांब 10 फूट रुंद, चार खांब, वर पत्रे.

दादाने मला लिहून दिलं होतं, दोन बाय दोन इंचाचा चौकोनी पाइप, 14 गेज म्हणजे 2 एमएम जाडी, 20 फुटी, 16 नग. मी कळव्याहून शीळफाट्याच्या बाजूला गेले, एका दुकानात रेट विचारला तर म्हणाला 70 रुपये किलो. बाकी दोन ठिकाणी जास्त सांगितला होता म्हणून मला बरं वाटलं. मग त्याने कॅल्क्युलेटरवर हिशोब केला, एक पाइप साडेअठरा किलोचा, 1300 ला नग पडेल, ताई वजन करत बसलात तर अंधार होईल, नगावर घेऊन जा. काउंटरजवळचा एक पाइप घेऊन त्यावर जाडी मोजायचं व्हर्नियर लावून दाखवलं, बरोबर 2 एमएम. तो पाइप खराच होता हे मला आजही मान्य आहे. पण पिकअपमध्ये भरला गेला तो माल मागच्या गोडाऊनमधून आला, संध्याकाळचे सात वाजलेले, सगळ्या पाइपांना तेल लावलेलं, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात कारण बाहेरचं माप दोन बाय दोनच असतं, चोरी असते ती आतल्या जाडीत.

बिलाचं पण तसंच. पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी वर लागेल म्हणाला, आणि मी एस्टिमेटच्या कागदावर राजी झाले, साडेतीन-पावणेचार हजार वाचतात म्हणून. इथे माझी चूक झाली आणि ती मला फार लागली आहे, कारण पुढे सगळं त्या कागदावरच अडलं.

दुसऱ्या दिवशी दादाने काम सुरू केलं आणि पहिल्याच जॉइंटला पाइपला भोक पडलं. त्याच्याकडे वेल्डिंगचा दहा नंबरचा रॉड होता, त्याने अँपिअर कमी केला, तरी भोक. मग बारा नंबरचा बारीक रॉड आणला तेव्हा कुठं जमलं. तो लगेच म्हणाला हा माल 14 गेज नाही. भात मोजायचा टांगता काटा घरात होताच, आंब्याच्या फांदीला लावून एक अख्खा पाइप तोलला, सव्वाअकरा किलो. दुसरा तोलला, तोही तेवढाच. म्हणजे 18 गेज, 1.2 एमएम. 70 चा भाव सांगून आम्हाला ते लोखंड 115 रुपये किलोने पडलं, आणि 16 नगांत आठ हजारांच्या वर पैसे गेले. आप्पा काही बोलले नाहीत, नुसते त्या पाइपांकडे बघत बसले, ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

वजनाचा हिशोब दादाने मला नंतर शिकवला तो इथे देते, सगळ्यांना उपयोगी आहे. पाइपची रुंदी एमएममध्ये घ्यायची, त्यातून जाडी वजा करायची, उत्तराला जाडीने गुणायचं, मग 0.0314 ने गुणायचं, आलं ते एका मीटरचं वजन. दोन बाय दोन म्हणजे 50 एमएम, जाडी 2, तर मीटरला 3 किलो, आणि 20 फूट म्हणजे 6.1 मीटर, सव्वाअठरा साडेअठरा किलो. कोपरे गोल असतात म्हणून थोडं इकडे तिकडे होतं पण अकरा किलो कधीच होत नाही. दुकानातच निदान दोन पाइप स्वतः गठ्ठ्यातून निवडून काट्यावर ठेवायला लावा, किंवा गाडी आधी रिकामी आणि मग भरून वजनकाट्यावर न्या. जाडी मोजायची तर कापलेल्या कडेची धार घासून मग मोजा, ती कड जाड दाखवते.

मी परत गेले दुकानात. तो शांतपणे म्हणाला, या कागदावर 14 गेज कुठं लिहिलंय? खरंच नव्हतं, नुसतं "2x2 पाइप 16 नग". ॲडव्हान्सचे पाच हजार मी यूपीआयने दिले होते तर ते नाव पण दुकानाचं नव्हतं, कुणातरी माणसाचं होतं, आणि बाकी रोख. ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन केला, त्यांनी पहिलं बिलच विचारलं. ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, तिथं जाता आलं असतं, पण हातात पक्कं बिल नाही, जाडी लिहिलेली नाही, म्हणून नाही गेले. तुम्ही बिलावर गेज, एमएम आणि किलो तिन्ही लिहून घ्या, जीएसटीचे पैसे जाऊ देत.

पत्रे अजून घ्यायचे होते ते मात्र दुसरीकडून घेतले, 12 फुटी 0.50 एमएमचा कलर पत्रा, एकेक काट्यावर ठेवून, साधारण 17 किलोच्या आसपास भरले. तिथेही 0.35 चा पत्रा 0.50 सांगून देतात असं दादा म्हणतो, तो 12 किलोला येतो.

खांबांना त्या पातळ पाइपांवर दादाने भरवसा ठेवला नाही. चार नवीन पाइप मुरबाडमधूनच वजनावर घेतले, 73 किलो भरले. जुने वर आडव्या पट्ट्यांना वापरले, पण चारच्या जागी सहा पट्ट्या टाकायला लागल्या आणि आतून गंजू नये म्हणून सगळी तोंडं बंद करून वेल्डिंग केलं. मृगाच्या आधी पडवी उभी राहिली. पहिल्या वादळी पावसात आप्पा रात्री दोनदा उठून बॅटरीने जॉइंट बघून आले.