मास्टर हाती दिला आणि चित्रपट हातचा गेला

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघांनी २०१८ साली चित्रपटनिर्मितीचा लहानसा स्टुडिओ सुरू केला आणि २०२२ मध्ये आमच्या पहिल्याच चित्रपटाचे सर्व हक्क एका मध्यस्थाला लिहून देऊन बसलो. ज्या पत्रावर विश्वास ठेवून आम्ही सही केली, तशीच पत्रे अजूनही लहान निर्मात्यांना मिळत आहेत, म्हणून झालेला प्रकार जसाच्या तसा येथे लिहीत आहे.

आमचा बेत साधा होता. साखर कारखान्यांचे आणि शेती अवजारे बनवणाऱ्यांचे माहितीपट करून दरमहाचा खर्च, म्हणजे जागेचे भाडे आणि दोन संकलक व एक ध्वनितंत्रज्ञ यांचे पगार, भागवायचे आणि दोन वर्षांतून एक स्वतःचा चित्रपट करायचा. ज्या गावात १९२९ साली ‘प्रभात’ची स्थापना झाली, त्या गावात स्टुडिओ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जागा, कॅमेरे आणि पगारी माणसे येतात, आणि आम्हीही अनेक वर्षे तेवढीच आपली मालमत्ता समजत होतो. वास्तविक आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो, तर आम्ही हप्त्यावर घेतलेला कॅमेरा पाच वर्षांत जुना झाला. लहान स्टुडिओला पुढे जगवणारी खरी पुंजी ती हक्कांची असते, हे आम्हाला ती गेल्यावर कळले.

चित्रपटाला ४४ लाख रुपये खर्च आला. सेन्सॉर प्रमाणपत्र मिळाले, पश्चिम महाराष्ट्रात काही चित्रपटगृहांत तो एक आठवडा चालला. पण तिकिटातून जीएसटी, चित्रपटगृहाचा वाटा आणि डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क वजा जाता हातात आलेल्या रकमेतून जाहिरातीचा खर्चही निघाला नाही. आता ओटीटीवर काही झाले तरच पुढचा चित्रपट, अशी आमची अवस्था होती, आणि नेमक्या त्याच वेळी एका परिचितामार्फत हा मध्यस्थ आमच्याकडे आला.

तो अतिशय शांत आणि जाणकार माणूस वाटला. त्याने चित्रपट पूर्ण पाहिला होता, मध्यंतरानंतरच्या एका प्रसंगातील आवाजाच्या मिश्रणाबद्दल त्याने केलेली सूचना बरोबर होती, आणि त्यामुळेच आमचा विश्वास बसला. तीन आठवड्यांनी त्याने एका मोठ्या ओटीटी कंपनीचे ‘तत्त्वतः मान्यता’ देणारे पत्र दाखवले. त्यात ६२ लाखांची रक्कम होती, संदर्भ क्रमांक होता, खाली सही होती. तांत्रिक तपासणी, सबटायटल्स आणि फाइल पोहोचवणे यांसाठी २ लाख ८० हजार रुपये आगाऊ लागतील, असे त्याने सांगितले आणि आम्ही ते एनईएफटीने पाठवले. पत्र ज्या ईमेलवरून आले होते, त्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे एक जादा शब्द होता. पावतीवरचा जीएसटी क्रमांक एका कापड दुकानाचा होता, हे जीएसटीच्या पोर्टलवर दोन मिनिटांत दिसले असते. आम्ही ते चौदा महिन्यांनी पाहिले. त्या ओटीटी कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर आम्ही स्वतः एकही ईमेल केला नाही, कारण मध्येच विचारणा केल्यास व्यवहार बिघडेल, असे त्याने आम्हाला बजावले होते. कोणी असे बजावले, तर त्याच दिवशी विचारणा करावी.

करारनामा १९ पानांचा होता आणि खरी हानी त्यातच झाली. स्वामित्वहक्काच्या कायद्यात निर्मात्याला बरेच संरक्षण आहे: हस्तांतराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते दिले असे मानले जाते, आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर घेणाऱ्याने एका वर्षात हक्क न वापरल्यास हस्तांतर संपुष्टात येते. आमच्या करारात कायद्याने उघडी ठेवलेली ही तिन्ही दारे एकाच परिच्छेदात बंद केलेली होती. ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘वापर झाला अथवा न झाला तरी’ हे शब्द आम्ही वाचले होते, परंतु मोठ्या कंपन्यांच्या करारात अशीच भाषा असते, या त्याच्या उत्तरावर आम्ही थांबलो. त्याहून घातक ओळ पुढच्या पानावर होती. हक्कांचे हस्तांतर सहीच्या दिवसापासून अमलात येईल, असे तीत लिहिले होते, आणि मोबदला मिळाला की नाही याच्याशी त्याचा कसलाही संबंध ठेवलेला नव्हता. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरच हक्क हस्तांतरित होतील, हे एक वाक्य आम्ही घालून घेतले असते, तर आज चित्रपट आमचा असता. वकिलाला करार दाखवण्याचे शुल्क वाचवले, याचे दुःख आजही होते.

सहीच्या वेळी त्याने २० लाखांचा चेक दिला. ओटीटीकडून पैसे आले की कळवतो, तोपर्यंत चेक भरू नका, अशी त्याची विनंती होती, आणि दर पंधरा दिवसांनी तो न चुकता फोन करून नवे कारण सांगत असे. चेकची मुदत तीन महिन्यांची असते. ती उलटली आणि चेक कागदाचा तुकडा झाला. मुदतीत भरलेला चेक न वटता परत आला असता, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि मग महिन्याभरात न्यायालयात तक्रार, असा सरळ मार्ग होता. न भरलेल्या चेकला तो मार्ग नाही. त्याचे ते अगत्याचे फोन म्हणजे दिवस मोजण्याचेच काम होते.

दरम्यान आम्ही मास्टर, म्हणजे जिच्यावरून पुढच्या सर्व प्रती निघतात ती चित्रपटाची मूळ प्रतही देऊन टाकली होती. चित्रपटगृहात दाखवण्यासाठीची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, कुलूपबंद करता येते. ठराविक प्रक्षेपकासाठी आणि ठराविक काळासाठी दिलेल्या किल्लीशिवाय ती उघडत नाही. त्याला मात्र आम्ही हार्ड डिस्कवर संपूर्ण उघडी फाइल दिली, आणि सोबत संवाद, संगीत व पार्श्वध्वनी यांचे वेगवेगळे ट्रॅक. ते ट्रॅक डबिंगला लागतात, हे आमच्या ध्वनितंत्रज्ञाने त्याच दिवशी बोलून दाखवले होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या एका नातेवाइकाने आमचा चित्रपट यूट्यूबवर हिंदीत पाहिल्याचे सांगितले. नाव बदललेले होते, शीर्षकांतून आमच्या स्टुडिओचे चिन्ह काढलेले होते. आम्ही स्वामित्वहक्काची तक्रार नोंदवली, तेव्हा त्या वाहिनीने आमच्याच सहीच्या कराराची प्रत पुढे केली. मध्यस्थाने हिंदी डबिंगचे हक्क तिसऱ्या कंपनीला विकले होते आणि त्या कंपनीने पैसे मोजून, कागद पाहून ते घेतले होते. ज्या मोठ्या ओटीटी कंपनीचे पत्र आम्हाला दाखवले होते, तिने असे पत्र दिलेच नसल्याचे लेखी कळवले.

पोलिसांत तक्रार देण्यास आम्ही उशीर केला. ऑनलाइन पाठवलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन केला, तर रक्कम पुढे जाण्याआधी खाते गोठवले जाण्याची शक्यता असते. आम्ही गेलो तेव्हा ते खाते रिकामे होते. व्यवहार २०२२ मधला असल्याने तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या फसवणुकीसंबंधीच्या ४२० कलमाखाली गुन्हा नोंदला गेला आहे, आणि करार फसवणुकीने करवून घेतला म्हणून तो रद्द ठरवावा, असा स्वतंत्र दावा आम्ही दिवाणी न्यायालयात लावला आहे. दोन्ही संकलकांना आम्ही निरोप दिला. ध्वनितंत्रज्ञ अर्ध्या पगारावर थांबला.

चौकशीत आणखी दोन निर्माते पुढे आले, एक नाशिकचे आणि एक नांदेडचे. तिघांच्या पत्रांवरची रक्कम वेगळी आहे, पण संदर्भ क्रमांक एकच आहे, आणि ‘तत्त्वतः’ या शब्दातला विसर्ग तिन्ही पत्रांत गळलेला आहे. ज्यांच्याकडे असे पत्र आले असेल, त्यांनी करारावर सही केली असो वा नसो, मूळ ईमेल पुसून न टाकता आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. सही झाली असेल आणि चेक हातात असेल, तर त्यावरची तारीख आज पाहावी आणि मुदत उरली असल्यास तो बँकेत भरावा.