निवेदनं छापायची तर दौलतगंजातच

ग्वाल्हेर–श्योपूर रेल्वे लाइनसाठी सह्यांची पत्रकं आम्ही ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या या छपाईच्या दुकानातूनच छापून घेतली. दोन फुटी रुळांवरची आपली जुनी गाडी २०२० मध्ये बंद पडली. आता ब्रॉडगेज (रुंद रूळ) होतंय, पण एकेरी, म्हणजे जायला-यायला एकच रूळमार्ग. म्हणून आमची मागणी आहे की क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडण्यासाठी, जास्त स्टेशनांवर लांब लूप लाइन (गाडी बाजूला उभी करायचा जोडरूळ) द्या. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईस्तोवर आपली खोळंबते. दोन क्रॉसिंग स्टेशनांमध्ये जिथे सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यावरच दिवसभरात किती गाड्या धावतील ते ठरतं. दुकानाच्या मालकांनी हे नीट ऐकून घेतलं, नकाशात या लाइनवरचं सबलगढ ठळक केलं आणि अंगठा उमटवणाऱ्यांसाठी रकाने रुंद करून दिले. कागद जाड, शाई अजिबात फुटत नाही. दर रास्त. संध्याकाळी फार गर्दी असते, सकाळीच जा.