राघूची मैना झाली तो दवाखाना: न्यू जर्सीत आजारी कॅमेलिऑनवर उपचार

न्यू जर्सीत आमच्या भागात दर दोन-तीन मैलांवर प्राण्यांचा एक दवाखाना आहे, तरीही घरातला कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आजारी पडल्यावर त्याला खऱ्या अर्थाने तपासू शकणारा डॉक्टर गाठायला आम्हाला सोळा दिवस लागले. त्या काळात आम्ही दोन दवाखाने पाहिले. हा अभिप्राय मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे, मात्र पहिल्याचा अनुभव सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे मोल कळणार नाही. नावे मी दोन्हींची देत नाही. पहिल्या दवाखान्याला माझी तक्रार मी लेखी कळवली आहे आणि ती तेवढ्यावरच राहू द्यावी असे मला वाटते. दुसऱ्या दवाखान्यातील पाच डॉक्टरांपैकी सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टर एकच आहेत, त्याही आठवड्यातून तीनच दिवस येतात, त्यामुळे निव्वळ पाटी वाचून कोणी तेथे गेले तर पदरी काय पडेल हे मी सांगू शकत नाही.

आमचा प्राणी म्हणजे व्हेल्ड कॅमेलिऑन, येमेन आणि सौदी अरेबियाच्या दक्षिण भागातला, डोक्यावर शेंडीसारखा उंच तुरा असलेला. लेकीच्या हट्टापायी तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनातून आणला. विकणाऱ्याने 'नर आहे' असे सांगितले होते आणि रंग पोपटी, म्हणून त्याचे नाव राघू ठेवले. पहिले पाच महिने बरे गेले. मग तो किड्यावर जीभ फेके, पण ती अर्ध्यातूनच परत येई. शरीराच्या लांबीपेक्षाही पुढे जाणारी ती जीभ चार बोटांवरच्या रातकिड्यापर्यंतही पोहोचेना. आम्ही त्याला नखरे समजत होतो. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईने मात्र एके सकाळी पेटीसमोर उभे राहून विचारले, "अरे, हा झाडावरचा जीव ना, मग खाली जमिनीवर का बसलाय?" आजाराचे पहिले अचूक निरीक्षण ते होते आणि ते करणाऱ्या बाईंनी आयुष्यात सरडा पाळलेला नव्हता.

पहिला दवाखाना घराजवळचा, प्रशस्त, स्वच्छ. त्यांच्या संकेतस्थळावर 'एक्झॉटिक प्राण्यांवर उपचार' असे ठळकपणे लिहिलेले आहे. या शब्दाचा अर्थ प्रत्येक दवाखान्यात वेगळा असतो हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. तेथे त्याचा अर्थ ससे, गिनीपिग आणि फार तर पोपट असा होता. डॉक्टर स्वभावाने चांगले होते, बोलले गोड, पण त्यांनी राघूला कुत्र्यांच्या वजनकाट्यावर ठेवले, ज्यावर त्याचे वजन शून्य भरले. डोळे खोल गेले आहेत, म्हणजे अंगात पाणी कमी आहे, एवढे निदान त्यांनी केले आणि ते चूकही नव्हते. मग एक जीवनसत्त्वाचे आणि 'खबरदारी म्हणून' एक प्रतिजैविकाचे अशी दोन इंजेक्शने त्याच्या मागच्या पायात दिली. या प्राण्यांच्या शरीराच्या मागील भागातले रक्त हृदयाकडे परतताना काही अंशी मूत्रपिंडातून जाते, म्हणून अनेक औषधे पुढच्या भागात टोचण्याचा प्रघात आहे, हे मला नंतर कळले. पेटी कशी आहे, दिवा कोणता आहे, किड्यांना काय खायला घालता, यांपैकी एकही प्रश्न त्या भेटीत आला नाही. पंचाण्णव डॉलर भरून आम्ही घरी आलो. चार दिवसांनी राघूला फांदी धरता येईना.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते असे आपण म्हणतो. त्याच्या मालकाची धाव मात्र त्या आठवड्यात पार पन्नास मैलांपर्यंत गेली. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची एक संघटना अमेरिकेत आहे, तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव 'एआरएव्ही', आणि तिच्या सदस्यांची यादी ठिकाणानुसार शोधता येते. सदस्यत्व म्हणजे कौशल्याचे प्रमाणपत्र नव्हे, वर्गणी भरून ते कोणत्याही पशुवैद्याला मिळू शकते, पण निदान आवड तरी कळते. प्रमाणपत्र हवे असेल तर 'एबीव्हीपी' या अमेरिकेतील पशुवैद्यांच्या मंडळाची सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांसाठीची वेगळी परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झालेले डॉक्टर थोडे, आणि आमच्या टप्प्यात एकही नव्हते. म्हणून आम्ही यादीतील चार ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारला: "तुमच्या डॉक्टर महिन्याला साधारण किती कॅमेलिऑन पाहतात?" दोन ठिकाणी उत्तर मिळाले, "आम्ही सगळे प्राणी पाहतो." तिसऱ्या ठिकाणी कोणी फोन उचलला नाही. चौथ्या ठिकाणच्या स्वागतिकेने उत्तर देण्याऐवजी आम्हालाच विचारले की पेटी काचेची आहे की जाळीची, दिव्याचे खोके अजून घरात आहे का, आणि ताजी विष्ठा सोबत आणता येईल का. फोन ठेवताना मी बायकोला म्हणालो की मिळाला डॉक्टर.

वेळ नऊ दिवसांनंतरची मिळाली. लक्षणे ऐकून त्यांनी ती दोन दिवस अलीकडे ओढली, पण त्याहून लवकर शक्य नव्हते, आणि हा या दवाखान्याचा पहिला दोष. आजारी कॅमेलिऑन बाहेरून बरा दिसण्याची शिकस्त करतो; लक्षण आपल्या नजरेस पडते तेव्हा आजार सहसा बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे सात दिवस हा फार मोठा काळ आहे.

तपासणीच्या दिवशी आम्हाला प्रतीक्षाकक्षात बसवलेच नाही. कुत्र्यांच्या भुंकण्याने हा प्राणी भेदरतो, म्हणून गाडीतच थांबा, खोली मोकळी झाली की बोलावतो, असा निरोप आला. आत गेल्यावर डॉक्टरांनी प्राण्याला हातही न लावता पहिली वीस मिनिटे केवळ प्रश्न विचारले आणि मी फोनवर काढून नेलेली पेटीची छायाचित्रे मोठी करून पाहिली. माझ्या मते कॅमेलिऑनच्या डॉक्टरची सगळी परीक्षा त्या वीस मिनिटांत होते, कारण पाळीव कॅमेलिऑनचे बहुतेक आजार पेटीत, दिव्यात आणि खाण्यात सुरू होतात. पेटीबद्दल न विचारता दिलेले औषध म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून फरशी पुसण्यासारखे.

आमचा दिवा पिळदार कॉम्पॅक्ट प्रकारचा होता आणि चौदा महिन्यांचा जुना. तो आधीच्या कोणाकडून तरी पेटीसोबत आला होता. तो लख्ख उजेड देत होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. डॉक्टरांनी समजावले की डोळ्याला दिसणारा उजेड आणि यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवा जळत राहतो, पण किरण महिन्यागणिक क्षीण होत जातात. ते किरण कातडीवर पडले तरच शरीरात ड३ जीवनसत्त्व पुरेसे तयार होते, ड३ असेल तरच आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाते, आणि ते शोषले गेले नाही की शरीर रक्तातली उणीव भरून काढण्यासाठी स्वतःचीच हाडे झिजवू लागते. खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग नसतो, कारण साधी काच यूव्हीबी किरण जवळजवळ सगळे अडवते. आम्ही पेटी मुद्दाम पूर्वेच्या खिडकीशी ठेवली होती आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानही होता.

मग त्यांनी राघूला हाती घेतले, म्हणजे खरे तर घेतले नाही. वरून झडप घातली की कॅमेलिऑनला ती शिकारी पक्ष्याची वाटते, म्हणून त्यांनी छातीखाली तळहात आडवा धरला आणि तो स्वतः चढेपर्यंत वाट पाहिली. आडवी काठी बसवलेल्या छोट्या ग्रॅमकाट्यावर वजन भरले अडुसष्ट ग्रॅम. खालचा जबडा बोटाच्या टोकाने हलकेच दाबला, तेव्हा तो हाडासारखा टणक न लागता रबरासारखा किंचित दबला. तो क्षण मला पाहवला नाही. नंतर मागचे पाऊल उलटे करून त्यांनी टाचेकडे बोट दाखवले. व्हेल्ड कॅमेलिऑनच्या नराला तेथे जन्मापासून, कोंबड्याच्या पायाला असते तशी, एक छोटी आरी असते. राघूला ती नव्हती. सात महिने ज्याला आम्ही राघू म्हणत होतो ती मैना निघाली.

हा केवळ नावाचा विनोद नव्हता. मादी नराच्या संगतीशिवायही अंडी धरते, आणि त्यांच्या कवचांसाठी लागणारे कॅल्शियम तिच्याच शरीरातून जाते. क्ष-किरण चित्रात दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या: पातळ, फिकट पडलेली हाडे आणि पोटात अंड्यांची गर्दी. चित्र भूल न देता, तिला फळीवर उभी ठेवूनच काढले. रक्त शेपटीच्या मुळाशी असलेल्या शिरेतून घेतले आणि तेही जेमतेम थेंबभर, कारण एवढ्या जिवातून वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त काढायचे नसते. प्रत्येक गोष्ट करण्यापूर्वी ती का करायची आणि न केल्यास काय होईल हे त्यांनी माझ्या दहा वर्षांच्या लेकीला, माझ्याकडे न पाहता, सांगितले. हे मला फार आवडले.

उपचार साधे आणि चिवटपणाचे होते. कातडीखाली सलाइन, दिवसातून दोनदा ओठाच्या कडेला थेंबाथेंबाने कॅल्शियमचे औषध, सरळ लांब टी५ नळीचा यूव्हीबी दिवा बसण्याच्या फांदीपासून साधारण नऊ इंचांवर, आणि काचेऐवजी जाळीची पेटी. रातकिडे देण्यापूर्वी दिवसभर त्यांना चांगला पाला चारायचा, कारण रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. मोहरीची पाने चालतील, पालक नको, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. ओक ट्री रोडवरच्या दुकानात मी त्या महिन्यात मोहरीच्या जेवढ्या जुड्या घेतल्या तेवढ्या सरसोंच्या भाजीसाठीही कधी घेतल्या नसतील. शिवाय अंडी घालण्यासाठी फूटभर खोल, ओलसर वाळू-मातीची बादली पेटीत ठेवायची आणि ती खणू लागली की कोणी डोकावायचे नाही. आपल्याला कोणी पाहते आहे असे वाटले की मादी बीळ अर्धवट सोडते, आणि अंडी पोटात अडकली तर जिवावर बेतते. आईने आपले जुने सुती नऊवारी पेटीभोवती गुंडाळले आणि घरात सर्वांना कुजबुजत बोलण्याची सक्ती केली. एकविसाव्या दिवशी एकोणीस अंडी मिळाली. मैनेचे वजन शहात्तरवरून त्रेपन्न ग्रॅमवर आले आणि त्या संध्याकाळी ती कितीतरी वेळ थेंब-थेंब पाणी चाटत राहिली.

आता बाकीच्या तक्रारी. पहिल्या भेटीचे बिल पाचशे साठ डॉलर झाले. त्यातील तपासणी, क्ष-किरण आणि सलाइन यांचा अंदाज आधी लिहून दिला होता, पण रक्ताचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात हे पैसे भरताना कळले. रात्रीची सेवा नाही. तातडीच्या वेळी ज्या चोवीस तासांच्या रुग्णालयाकडे ते बोट दाखवतात, तेथे फोन केल्यावर सरपटणारे प्राणी घेत नसल्याचे समजले. घरी पाळायच्या सूचनांचा छापील कागद तर चक्क बिअर्डेड ड्रॅगन या वेगळ्याच सरड्याचा होता: त्यात रोज कोमट पाण्यात बसवा आणि पाण्याची वाटी ठेवा असे लिहिले होते, तर कॅमेलिऑन पानांवरचे थेंब चाटतो, वाटीतले पाणी त्याला बहुधा पाणी वाटतच नाही. डॉक्टरांनी त्यातल्या पाच ओळी पेनाने खोडून समासात नव्या लिहिल्या. कागद आमच्या फ्रीजवर अजून तसाच चिकटवलेला आहे, पण एवढ्या मोठ्या दवाखान्याला वेगळा कागद छापणे जड जाऊ नये.

हे वाचून महाराष्ट्रातील कोणी आपल्याकडचा कॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, ज्याला काही ठिकाणी सरडगुहिरा म्हणतात, पाळण्याचा विचार करत असेल तर तो सोडून द्यावा. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, पकडणे आणि बाळगणे गुन्हा आहे. तो जखमी सापडला तर वनविभागाला कळवणे हाच मार्ग. आमच्या आईनेही परत गेल्यावर गल्लीतल्या दोन मुलांना हेच सांगितले म्हणे.

तिसऱ्या महिन्याच्या फेरतपासणीत जबडा टणक लागला. पुढचा डावा पाय किंचित वाकडा राहिला आहे आणि तो तसाच राहील, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. हाडे पुन्हा भरतात, पण आलेला बाक जात नाही. फेरतपासणीचे पंच्याऐंशी डॉलर घेतले आणि त्या दिवशी वेगळे काही लावले नाही. स्वागतिकेने फायलीवर 'राघू, नर' खोडून 'मादी' लिहिले व नाव काय लिहू म्हणून विचारले, तेव्हा लेकीने राघूच ठेवायला सांगितले.